सामान्य ज्ञानाची वही

(केंद्रशाळेत भरलेल्या शिक्षक-संमेलनात केलेले भाषण)



'सामान्य ज्ञान' या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी संयोजकांची आज्ञा झाली, तेव्हा मला प्रथम आठवली ती माझी जुनी वही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ती मी घातली. डाव्या बाजूस प्रश्न, उजव्या बाजूस उत्तर. सर्वांत उंच शिखर कोणते, पहिला अमुक कोण, शरीरात तमुक किती. दर शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा अर्धा तास ही वही उघडावयाची, मुलांकडून उत्तरे घोकून घ्यावयाची आणि तालुक्याच्या स्पर्धेत ढाल आणावयाची, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ होता. ढाली आल्या. आजही पुष्कळ शाळांत अशी वही असते आणि ती असू नये असे मी म्हणणार नाही. परंतु त्या वहीने माझ्या हातून एक अपराध घडविला. तो आधी सांगतो, म्हणजे पुढील बोलणे कोठून आले हे आपणांस कळेल.

एका सहामाही परीक्षेत मी चौथीच्या मुलांना प्रश्न घातला : 'मानवी शरीरात हाडे किती?' वहीतील उत्तर २०६. एका मुलीने लिहिले, 'मोठ्या माणसाची २०६, तान्ह्या बाळाची जास्त.' मी त्यावर तांबडी फुली मारली. पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, ''गुरुजी, बाळाची टाळू भरलेली नसते. माझ्या भावाला मीच तेल घालते. तिथं हाड सांधलेलं नाही, हाताला लागतं.'' वर्ग हसला. वर्गाबरोबर मीही हसलो आणि 'जागेवर बैस' म्हणालो. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्या मुलीने हात वर केल्याचे मला स्मरत नाही.

तिचे उत्तर बरोबर होते. माझ्या वहीतील उत्तर अपुरे होते. हे मला फार वर्षांनी, तालुक्याच्या वाचनालयात शरीरशास्त्राचे एक पुस्तक चाळताना समजले. त्या वेळी ती मुलगी कोठे नांदत होती याचाही मला पत्ता नव्हता. एखादा गुण चुकीने कापला गेला तर तो पुढे देता येतो. वर गेलेला हात एकदा खाली आला, की तो पुन्हा वर आणणे आपल्या हाती राहत नाही.

आता त्या हाडांचाच हिशेब आपण नीट मांडून पाहू. जन्मलेल्या बाळाच्या शरीरात हाडांचे सुटे भाग सुमारे २७० ते ३०० असतात. कूर्चेचे, म्हणजे मऊ अवस्थेतील, कोणते तुकडे हाड म्हणून मोजावयाचे यावर हा आकडा थोडा मागेपुढे होतो. वाढीबरोबर यांतील अनेक भाग एकमेकांस सांधले जातात आणि प्रौढपणी सर्वसाधारणतः २०६ हाडे उरतात. कवटीची हाडे जन्माच्या वेळी सुटी असतात. मधल्या फटीवर केवळ पडदा असतो. आपल्या आयाबाया जिला टाळू म्हणतात ती हीच जागा. पुढची मोठी टाळू बहुधा दीड वर्षाच्या सुमारास भरते. मागची लहान टाळू पहिल्या दोनतीन महिन्यांतच भरून येते. पाठीच्या कण्यातही हाच प्रकार. मुलाच्या कण्यात ३३ मणके असतात. त्यांतील कमरेखालचे पाच मिळून एक हाड होते आणि शेवटचे चार मिळून माकडहाड होते. म्हणून प्रौढाच्या कण्यात २६ हाडे मोजली जातात. मुलांकडून ही वजाबाकी करवून घ्यावी. ती पाठ करण्याची गरज पडत नाही.

२०६ हा आकडादेखील केवळ सांगण्याऐवजी निम्मा तरी मोजून दाखविता येतो. मुलांना स्वतःचा हात पुढे धरावयास सांगावे. अंगठ्याला पेरे दोन, बाकीच्या चार बोटांना प्रत्येकी तीन, एकूण १४. तळहातात पाच. मनगटात लहान लहान आठ. ती मोजता येत नाहीत, पण मनगट गोल फिरविले म्हणजे तेथे एकच हाड नाही एवढे समजते. एका हातात २७ हाडे झाली. पायाच्या बोटांत तशीच १४, पुढे पाच, घोट्याकडे सात, एकूण २६. दोन हात व दोन पावले मिळून १०६. म्हणजे शरीरातील निम्म्याहून अधिक हाडे मनगटाच्या आणि घोट्याच्या पलीकडे आहेत! माणसाने कुदळ कशी धरली, सुई कशी ओवली, उभा राहून चालला कसा, याचे पुष्कळसे उत्तर या बेरजेत दडलेले आहे. मी ही बेरीज सातवीच्या वर्गात केली तेव्हा मुले घरी जाऊन आजोबांच्या हाताची पेरे मोजून आली.

ग्रंथात आहे म्हणून खरे, ही समजूत किती काळ टिकू शकते याचा दाखलाही हाडांच्याच शास्त्रात सापडतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गेलन हा ग्रीक वैद्य मोठा अधिकारी पुरुष. परंतु त्याने विच्छेदन केले ते मुख्यतः माकडे, डुकरे इत्यादी प्राण्यांचे. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असे त्याने लिहून ठेवले आणि पुढील हजार वर्षे विद्यालयांत तेच शिकविले गेले. १२०० सालाच्या सुमारास मिसर देशात भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी तेथे असलेल्या बगदादच्या अब्द अल-लतीफ या विद्वानाने उघड्यावर पडलेल्या मानवी सांगाड्यांची पाहणी केली. दोन हजारांहून अधिक कवट्या पाहूनही त्याला खालचा जबडा अखंड, एकाच हाडाचा दिसला. त्याने तसे स्पष्ट लिहिले. तरी युरोपातील विद्यालयांत गेलनच चालू राहिला. अखेर १५४३ साली आंद्रेआस व्हेसेलियस या २८ वर्षांच्या शिक्षकाने स्वतः मानवी देहाचे विच्छेदन करून लिहिलेला सचित्र ग्रंथ बाझेल येथे छापला आणि जबड्याबरोबर गेलनच्या इतरही अनेक चुका दाखवून दिल्या. मौज अशी, की तान्ह्या बाळाचा खालचा जबडा खरोखरच दोन भागांचा असतो आणि पहिल्या वर्षात तो सांधतो. त्या मुलीचे 'बाळाची जास्त' हे उत्तर येथेही लागू पडते.

आपण गेलनला हसण्यापूर्वी आपल्याच फळ्याकडे पाहावे. जिभेचा नकाशा आपण सर्वांनी काढलेला आहे : टोकाला गोड, कडांना खारट व आंबट, मुळाशी कडू. मी तो रंगीत खडूंनी काढीत असे. हा नकाशा चुकीचा आहे. १९०१ साली हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांत चव जाणवण्याच्या तीव्रतेत किंचित फरक असल्याचे नोंदविले. पुढे १९४२ साली एडविन बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकात ती माहिती अशा आलेखाने मांडली गेली, की वाचणाऱ्यांनी किंचित फरकाचा अर्थ 'तेथेच ती चव, अन्यत्र नाही' असा केला. वास्तविक चव ओळखणाऱ्या कलिका जिभेवर जेथे जेथे आहेत तेथे तेथे सर्व चवी कळतात. याची परीक्षा घ्यावयास प्रयोगशाळा नको. कारल्याच्या रसात कापसाचा बोळा बुडवून जिभेच्या टोकाला लावावा. मुलांची तोंडे वाकडी होतात आणि नकाशा आपोआप पुसला जातो. प्रत्येक मुलासाठी बोळा वेगळा घ्यावा, एवढी मात्र काळजी घेतली पाहिजे.

चवीचा विषय निघालाच आहे म्हणून जाता जाता सांगतो. आयुर्वेदातील षड्रसांत 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपला मराठी 'कडू' हा शब्द मात्र त्या 'कटु'पासूनच आला आणि येता येता अर्थ बदलून आला. संस्कृतच्या शिक्षकांची यावर नेहमी फसगत होते.

इतिहासाकडे वळू. सामान्य ज्ञानाच्या वहीत इतिहास म्हणजे सनावळी. सनावळी वाईट नाही. पण सन कोठून आला हे सांगितल्यावाचून ती निर्जीव राहते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माचे उदाहरण घ्या. आपल्या वडील पिढीतील पुष्कळांनी शाळेत १६२७ साल पाठ केले होते : वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. आज आपण फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० असे शिकवितो. महाराजांचा जन्म काही बदलला नाही. बदलले ते आपल्या हाती असलेले साधन. भोरजवळील कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी जपून ठेवलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीयेची ही तिथी मिळाली. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या समकालीन काव्यातही तीच तिथी आढळली. परस्परांपासून स्वतंत्र असे पुरावे एकाच तिथीवर येतात म्हटल्यावर इतिहासकारांचा कौल हळूहळू तिकडे झुकला आणि पुढे महाराष्ट्र शासनाने जयंतीसाठी हीच तारीख स्वीकारली. ज्या आजोबांनी १६२७ पाठ केले त्यांना नातवाने 'तुम्ही चुकलात' म्हणू नये, यासाठी तरी हा वृत्तांत वर्गात सांगितला पाहिजे.

याच तारखेत गणिताचाही एक प्रश्न दडलेला आहे. शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो, असे आपण सांगतो. एखादे चौकस मूल पाटीवर १५५१ आणि ७८ यांची बेरीज करील व म्हणेल, ''गुरुजी, १६२९ येतात. १६३० कसे?'' असा प्रश्न आला तर त्या दिवशीचा पाठ सोडावा व याचे उत्तर द्यावे. शक चैत्रात सुरू होतो. फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना. तो येईपर्यंत इंग्रजी जानेवारी उलटून गेलेला असतो, म्हणून तेथे ७९ मिळवावयाचे. राज्याभिषेक ज्येष्ठातला, शके १५९६ मध्ये ७८ मिळविले की १६७४ बरोबर येतात. भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली ती १ चैत्र १८७९ पासून, म्हणजे २२ मार्च १९५७ पासून. तीही याच मापाने ताडून पाहता येते. तीन उदाहरणांत नियम मुलांच्या हाती येतो आणि मग देवळाच्या चौकटीवर किंवा जुन्या बारवेच्या दगडावर कोरलेला शक त्यांना वाचता येऊ लागतो. आपल्या गावातील असा एक शिलालेख मुलांनी स्वतः लावला, तर त्याचे मोल शंभर पाठ सनांहून अधिक आहे असे मी समजतो.

राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची फार्सी नावे जाऊन संस्कृत नावे आली, हेही वहीत असते. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, वाकनिसाचा मंत्री झाला, डबीराचा सुमंत झाला. पण एवढ्यावर न थांबता ते काय करीत हे विचारावे. मंत्री हा महाराजांच्या दैनंदिन व्यवहाराची नोंद ठेवी. सचिव राजपत्रांतील मजकूर तपासून शुद्ध करी. आज मंत्रालयाच्या दारांवर हेच दोन शब्द आहेत. त्यांतील एक लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचा आहे, दुसरा नोकरीतील अधिकाऱ्याचा. शब्द तेच राहिले, कामे पालटली. नागरिकशास्त्राचा धडा येथून सुरू केला तर मुलांना तो परका वाटत नाही.

नागरिकशास्त्रातील उत्तरांना एक व्याधी आहे : ती शिळी होतात. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत भाषा किती? १९५० साली १४ होत्या. १९६७ साली सिंधी आली, १५ झाल्या. १९९२ साली कोकणी, मणिपुरी व नेपाळी आल्या, १८ झाल्या. २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली व संथाळी आल्या आणि संख्या २२ झाली. माझ्या जुन्या वहीत १५ लिहिलेले होते आणि १९९२ नंतरही काही काळ मी १५च शिकवीत होतो, हे येथे कबूल करतो. मतदानाचे वय २१ होते, ते १९८९ पासून १८ झाले. २०१४ साली पालघर वेगळा झाला आणि आपल्या राज्यातील जिल्हे ३६ झाले. म्हणून वहीत उत्तरापुढे तारीख लिहिण्याची सवय ठेवावी. डॉक्टरही औषधाच्या चिठ्ठीवर तारीख घालतातच.

काही उत्तरे तर कधीच खरी नव्हती. 'भारताची राष्ट्रभाषा कोणती?' हा प्रश्न आजही कित्येक प्रश्नपत्रिकांत दिसतो. संविधानात राष्ट्रभाषा असे कोणत्याच भाषेस म्हटलेले नाही. अनुच्छेद ३४३ मध्ये देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे एवढेच सांगितले आहे. 'राष्ट्रीय खेळ हॉकी' हेही तसेच. २०१२ साली एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारणा केली, तेव्हा कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही असे केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने कळविले. लक्षात घ्या, हे विचारण्याचे एका मुलीला सुचले. आपणा शिक्षकांपैकी कोणास सुचले नाही.

ज्या संस्थेच्या पुस्तिकेत हे भाषण छापले जाणार आहे तिच्याविषयी तरी आपल्या मुलांना माहिती असावी. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. ग्रामपंचायतीत सदस्य किती असतात याचे उत्तर लोकसंख्येप्रमाणे सात ते सतरा. पण आपल्या गावात किती, हे पंचायतीच्या फलकावर लिहिलेले असते. मुलांना तेथे नेले म्हणजे काम होते.

आता संगीत. हा विषय निघाला, की आपण 'मला गाता येत नाही' म्हणून हात झटकतो. मलाही येत नाही. परंतु संगीताचे एक अंग असे आहे, की त्याला गळा लागत नाही, फूटपट्टी लागते. मघाशी बाळाच्या हाडांविषयी बोललो. बहुतेक हाडे बाळपणी लहान व अपुरी असतात. अपवाद कानातील तीन हाडांचा. हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे जन्मतःच पूर्ण वाढलेली असतात. रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड, सुमारे तीन मिलिमीटरचे. पाळण्यातील बाळ अंगाई ऐकते ते मोठ्या माणसाच्या मापाच्याच हाडांनी.

त्या कानासाठी एक साधन आपण शाळेत तयार करू शकतो. सव्वा मीटर लांबीची एक फळी घ्यावी. एका टोकाला खिळा ठोकून त्याला सतारीची किंवा तत्सम पोलादी तार बांधावी, दुसऱ्या टोकावरून ती खाली सोडून तिला वीट टांगावी, म्हणजे ताण कायम राहतो. तारेखाली दोन लाकडी घोड्या अशा ठेवाव्यात, की मधली मोकळी तार बरोबर ९० सेंटिमीटर भरेल. ती छेडली की जो स्वर निघेल तो आपला षड्ज. आता तारेस जेमतेम स्पर्श करील एवढ्या उंचीचा एक लहान ठोकळा खाली सरकवून तार ४५ सेंटिमीटरवर अडवावी. तोच षड्ज, पण वरच्या सप्तकातला, ऐकू येतो. सबंध वर्गाला तो कळतो. ज्याला गाणे मुळीच येत नाही त्यालाही कळतो. ६० वर पंचम मिळतो. साडेसदुसष्टावर मध्यम. ८० वर ऋषभ, ७२ वर गांधार, ५४ वर धैवत, ४८ वर निषाद. नव्वदाचे दोन तृतीयांश साठ, तीन चतुर्थांश साडेसदुसष्ट, चार पंचमांश बहात्तर. अपूर्णांकांचा जो धडा मुलांना रूक्ष वाटतो तो येथे गाऊ लागतो.

ही युक्ती माझी नव्हे. वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा ठरविण्याची रीत सतराव्या शतकातील अहोबल पंडिताने 'संगीत पारिजात' या ग्रंथात सांगितली आहे. त्याचे शुद्ध सप्तक मात्र आजच्या काफी थाटाच्या जवळचे होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी दहा थाटांची व्यवस्था लावताना बिलावलाचे स्वर शुद्ध मानले आणि तेच आपण आज शिकवितो. म्हणजे 'शुद्ध गांधार कोणता?' या प्रश्नालाही शतक विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

शाळेत बाजाची पेटी असेल तर तारेवरचा गांधार आणि पेटीवरचा गांधार लागोपाठ ऐकवून पाहावे. पेटीतला किंचित चढा लागतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. हे वाद्य युरोपातून आलेले. पेटीवर मींड घेता येत नाही आणि तिचे स्वर आपल्या स्वरांशी नेमके जुळत नाहीत, असे जाणकारांचे आक्षेप होते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला आपल्या कार्यक्रमांतून वगळले आणि ती बंदी सुमारे तीन दशके राहिली. त्याच काळात आपल्या गावोगावच्या भजनात मात्र पेटी सुखाने वाजत होती. दोन्ही बाजूंत तथ्य होते असे मला वाटते. मुलांनी आपल्या कानांनी निवाडा करावा.

पुस्तकांविषयी थोडक्यात बोलतो, वेळ होत आला आहे. 'पहिले' या शब्दाने सुरू होणाऱ्या प्रश्नांपासून सावध असावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. पहिले छापील मराठी पुस्तक कोणते? भारतात छापखाना प्रथम आला तो गोव्यात, १५५६ साली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्याची भाषा मराठी, पण लिपी रोमन. विल्यम कॅरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. त्यात देवनागरी अक्षरे आहेत, पण विवेचन इंग्रजीत. त्यांचाच १८१० चा कोश आला तो मोडी ठशांत. यांतील पहिले कोणते म्हणावयाचे? भाषा, लिपी की विवेचन, यांपैकी काय धरावयाचे हे प्रश्न विचारणाऱ्याने आधी सांगितले पाहिजे. स्पर्धेत अशा प्रश्नावरून दोन शाळांत भांडण जुंपलेले मी पाहिले आहे आणि दोन्ही शाळा खऱ्या होत्या.

मुलांना पुस्तकाचे काही दाखवावयाचेच असेल तर एक मोठा कागद तीनदा दुमडून दाखवावा. आठ पाने, सोळा पृष्ठे होतात. छापखान्यात याला फर्मा म्हणतात. पुस्तकाची पृष्ठे बहुधा आठाच्या किंवा सोळाच्या पटीत का असतात आणि शेवटी एखादे कोरे पान का उरते, ते मग कोणी सांगावे लागत नाही.

शंका आल्यास पाहावे कोठे, हा प्रश्न रास्त आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी केवढ्या अडचणींत ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले! ते आता जुने झाले, तरी जुन्या वाचनालयात आढळतील. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आज भ्रमणध्वनीवरही विनामूल्य वाचता येतो. मी स्वतः अद्याप खंडच उघडतो. बोटाला थुंकी लावून पाने उलटण्याची सवय सुटत नाही आणि ती चांगली सवय आहे असेही मी म्हणत नाही.

पुढील महिन्यात आपल्या केंद्राची प्रश्नमंजूषा आहे. संयोजकांनी माझी एक विनंती मान्य केली आहे. प्रत्येक फेरीत एक प्रश्न असा राहील, की त्याच्या उत्तराला एक गुण आणि 'हे कसे कळले' याला दोन. परीक्षकाच्या कागदावरील उत्तराहून निराळे उत्तर आले तर फुली मारण्यापूर्वी मुलाला कारण विचारावयाचे, असाही नियम घातला आहे. परीक्षकांना थोडा अधिक वेळ लागेल. संध्याकाळची गाडी चुकणार नाही अशा बेताने आरंभ सकाळी नऊलाच ठेवला आहे.

मघाशी सांगितलेली फळी मी बरोबर आणली आहे. व्हरांड्यातील बाकावर ती तार ताणून ठेवली आहे, वीट आपल्या शाळेचीच आहे. चहाच्या सुटीत ज्यांना पंचम शोधावयाचा असेल त्यांनी तेथे यावे. ठोकळा सरकविताना हलक्या हाताने सरकवावा.